यादीतले नाव

डॉ. मोरेश्वर खांबेटे सरांना मी पहिल्यांदा पाहिले ते लंडनमधल्या हॅरोच्या लायब्ररीतल्या संध्याकाळच्या वर्गात. दोन हजार साल नुकतेच उलटले होते. मी आयटीतल्या नोकरीला कंटाळलेली, आणि विषय काय, तर रोमचे पोप आणि कॉन्स्टँटिनोपलचे सम्राट यांची भांडणे! सर म्हणाले, “घाबरू नका. व्याह्याव्याह्यांचे रुसवेफुगवे कळतात ना? मग हेही कळेल.”

त्या काळी चर्चमध्ये प्रार्थनेच्या वेळी, ज्यांच्याशी सख्य आहे त्यांची नावे मोठ्याने वाचत. बिनसले की नाव यादीतून खोडायचे. एकदा दोन्ही शहरांचे असे पस्तीसेक वर्षे बिनसले. समेटासाठी रोमची अट होती, की मेलेल्या दोन सम्राटांचीही नावे खोडा. हे सांगताना सरांचा आवाज कापरा होई. “मेलेला माणूस बिचारा उत्तर द्यायला कुठून येणार?” असे ते म्हणत.

मला संशोधनाला लावले ते सरांनीच. मेट्रोपॉलिटन लाइनच्या ट्रेनमध्ये, गर्दीत उभ्याने माझी प्रकरणे तपासत, तीही पेन्सिलीने. “माझं पटलं नाही तर तुम्हाला खोडता आलं पाहिजे.”

मी खोडले ते भलतेच. एका चर्चासत्रात सरांनी माझा मुद्दा घाईचा ठरवला, चारचौघांत. मला ते झोंबले. माझे पुस्तक निघाले तेव्हा ऋणनिर्देशात नवऱ्यापासून लायब्रेरियनपर्यंत सगळे होते, सर तेवढे नव्हते. त्यांनी पुस्तक विकत घेऊन फोन केला, “छान झालंय. इंडेक्स मात्र एकदा चेक करा.” बाकी चकार शब्द नाही. मीही नंतर फिरकले नाही.

या गौरवग्रंथाच्या निमित्ताने गेल्या महिन्यात वॉटफर्डला त्यांच्या घरी गेले. सरांना आता फारसे आठवत नाही. नलिनीकाकू म्हणाल्या, “अगं, रोज ब्रेकफास्ट झाला की स्टुडंट्सची नावं वाचून दाखवावी लागतात. त्याशिवाय चैन पडत नाही ह्यांना.” त्यांनी दाखवलेल्या वहीत, सरांच्याच अक्षरात, माझे नाव पाचवे होते.

मी रडत माफी मागितली. सर अवघडून म्हणाले, “आपण कोण?” काकूंनी नाव सांगताच चेहरा उजळला. “ती होय? फार हुशार मुलगी. कधी चुकायची नाही वर्गाला.”

पंचाहत्तरीनिमित्त सरांना उदंड आयुष्य आणि ठणठणीत प्रकृती लाभो. आणि एखाद्या सकाळी माझे नाव येताच त्यांनी काकूंना थांबवावे, सगळे आठवून माझ्यावर मनसोक्त रागवावे, एवढेच माझे मागणे आहे.