हवा बिघडण्याची वाट

“कोण म्हणून विचारतेयस?”

ताईला काहीही विचारलं की आधी हा प्रश्न यायचा. ताई, चहा घेणार? कोण म्हणून विचारतेयस? मग ती गळ्यातलं ओळखपत्र दोन बोटांत धरून उलटसुलट फिरवायची. एका बाजूला फोटो आणि खाली ‘विद्यार्थी’. दुसरी बाजू कोरी. “विद्यार्थी म्हणून विचारत असशील तर पैसे नाहीत. शिक्षक म्हणून विचारत असशील तर वेळ नाही. आता सांग, चहा कोण पाजणार?”

चहा मीच पाजायचे.

आम्ही दोघी दिल्लीच्या हद्दीबाहेर, हायवेलगतच्या एका खासगी विद्यापीठात टीचिंग असिस्टंट होतो. तुमच्यापैकी कुणी हे काम केलं असेल तर सांगायला नको. इतरांसाठी सांगते. आम्ही पीएच.डी. करत होतो. प्रोफेसर मोठ्या हॉलमध्ये लेक्चर देऊन निघून जात. मग त्याच मुलांना लहान गटांत बसवून सगळं पुन्हा समजावायचं, त्यांचे निबंध तपासायचे, गुणांवरून होणारी भांडणं ऐकायची आणि परीक्षेत पहारा द्यायचा, हे सगळं आमच्याकडे. त्याचा दरमहा स्टायपेंड मिळायचा. त्याला पगार म्हटलं की ऑफिसातले लोक लगेच दुरुस्त करायचे. रजा मागितली तर, “मैडम, आप तो पढ़ाती हैं, क्लास कौन लेगा?” आणि मेडिकलच्या खर्चाचं विचारलं तर, “आप तो स्टूडेंट हैं ना?” ताईचा तो प्रश्न इथून आला होता.

मी आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढले. माझं मराठी घरातलं. दाराबाहेर मी हिंदी बोलते, वर्गात इंग्रजी, आणि जमेल तिथं काहीच बोलत नाही. टी.ए. लोकांच्या सामायिक खोलीतही मी कोपऱ्यातलं टेबल धरून गप्प असायचे. एकदा आईचा फोन आला आणि मी हळू आवाजात “हो, जेवले” म्हटलं, तर पलीकडच्या टेबलावरून निबंधांच्या गठ्ठ्याआडून एक डोकं वर आलं.

“अगं, हा आवाज इतके दिवस कुठं ठेवला होतास?”

मी म्हटलं, “तुम्ही मराठी आहात, मला माहीत नव्हतं.”

“अहो-जाहो नको. ताई म्हण. इथं आपल्याला मान देणारं कुणी नाही, आपण तरी एकमेकींना कशाला देत बसायचा?”

ती परभणीजवळच्या एका गावची. लग्नानंतर नवऱ्याबरोबर दिल्लीत आली. तो तेव्हा करोल बागेच्या एका खोलीत तिघांबरोबर राहून यूपीएससीची तयारी करत होता. त्याचे सगळे अटेम्प्ट संपले. आता तो एका कोचिंग क्लाससाठी सरावाचे पेपर तपासायचा, आणि ते काम कधी असायचं, कधी नसायचं. दोघं विद्यापीठामागच्या गावात भाड्यानं राहायची. घर चालायचं ते ताईच्या स्टायपेंडवर.

“आमच्या घरात दोघंही दुसऱ्यांचे पेपर तपासतो,” ती म्हणायची, “आणि नापास मात्र आम्हीच.”

ती इतिहास शिकवायची. तिचं इंग्रजी थेट परभणीहून आलेलं होतं. पहिल्या आठवड्यात मुलं हसायची. तिसऱ्या आठवड्यात हसत नसत. तिची एक पद्धत होती. नाव न सांगता एखाद्याचा निबंध ती वर्गात मोठ्यानं वाचायची आणि शेवटी म्हणायची, “यात एक वाक्य या मुलाचं स्वतःचं आहे. शोधा.” वर्ग शोधायला लागायचा. ज्याचा निबंध असेल त्याचे कान आधी लाल व्हायचे, आणि मग वाक्य सापडलं की तो सगळ्यांपेक्षा ताठ बसायचा. मी अनेकदा मागच्या बाकावर बसून हे पाहिलंय. माझ्या शाळेत इतक्या शिक्षिका होत्या, पण असं कुणी माझं वाक्य शोधलं नाही.

एकदा मोठ्या घरातल्या एका मुलानं विचारलं, “मैम, आप परमानेंट हैं?”

“इस दुनिया में कौन परमानेंट है, बेटा? चलो, किताब खोलो.”

तिचं ट्युटोरियल तिसऱ्या मजल्यावर होतं. त्या इमारतीतली लिफ्ट फक्त स्टाफसाठी, स्टाफचं कार्ड लावल्याशिवाय चालायची नाही. आम्ही जिन्यानं जायचो. सेमिस्टर सुरू झालं तेव्हा ताई दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबायला लागली. कठड्याला धरून उभी राहायची आणि म्हणायची, “मला धपाटे खावेसे वाटतात गं. लई. रात्रंदिवस धपाटे दिसतात.”

मी हे घरी सहज सांगितलं. आईनं हातातलं काम थांबवून विचारलं, “कितवा महिना?” मला काही कळेना. आईला मग डोहाळे म्हणजे काय ते मला समजावून सांगावं लागलं. दुसऱ्या दिवशी तिनं डबाभर धपाटे आणि दह्याची चटणी दिली. ताईनं डबा उघडला, वास घेतला आणि माझ्याकडे पाहत राहिली.

“तुझ्या आईला कळलं?”

“हो.”

“अजून कुणाला सांगू नकोस. शप्पथ आहे.”

मग तिनं मला हिशेब समजावला. बाळंतपणाची भरपगारी रजा स्टाफला होती. आम्ही विद्यार्थी. विद्यार्थ्याला तब्येतीसाठी रजा मिळते, पण रजा लागली की स्टायपेंड त्याच दिवशी थांबतो. स्टायपेंड थांबला की भाडं थकणार, खोली जाणार, आणि खोली गेली की गावी परत. तिच्या प्रबंधाची शेवटची दोन प्रकरणं लिहायची उरली होती. लागणारी जुनी कागदपत्रं दिल्लीतल्या अभिलेखागारात होती. गावी गेली तर ती प्रकरणं कधीच लिहून होणार नाहीत, हे तिला पक्कं माहीत होतं.

“सेमिस्टर संपतं, त्याच्या पाठोपाठ बाळ. सुट्टीत होईल आणि सुट्टी संपली की मी वर्गात. सासूबाई येणार आहेत. बाळानं फक्त अ‍ॅकॅडमिक कॅलेंडर पाळलं पाहिजे.”

ती हसली. मलाही हसू आलं. खरं सांगायचं तर मला ते जमण्यासारखं वाटलं होतं.

तिनं ढगळ कुर्ते शिवून घेतले. ओढणी आता खांद्यावर नसायची, समोर पसरलेली असायची. वर्गात ती टेबलामागे बसून शिकवायला लागली. सप्टेंबरच्या उकाड्यात घामानं डबडबलेली असायची, तरी ओढणी काढायची नाही. दिवाळी उलटल्यावर थंडीची चाहूल लागली तेव्हा तिला शाल घेता आली. इतकी आनंदलेली मी तिला क्वचित पाहिली आहे.

पण जिने होतेच. आणि आता नुसत्या शालीनं भागत नव्हतं.

तेव्हापासून ती हवा बिघडण्याची वाट पाहू लागली.

दिल्लीत राहणाऱ्यांना हे ठाऊक आहे. नोव्हेंबरात हवेतल्या प्रदूषणाचा आकडा फार चढला की शाळा-कॉलेजं बंद होतात आणि वर्ग ऑनलाइन भरतात. कॅमेऱ्यात गळ्यापर्यंतच दिसतं. जिने नाहीत, शाल नाही, कुणाच्या नजरा नाहीत. ताई सकाळी उठली की आधी फोनवर हवेचा आकडा बघायची आणि मला मेसेज करायची, “अजून चांगलीच आहे गं.” चांगली हवा म्हणजे तिच्यासाठी वाईट बातमी.

मी एकदा धीर करून म्हटलं, “ताई, अशा हवेत बाळाला...”

“बाळाला हवा लागते, मान्य. बाळाला भाडंही लागतं.” मग ओळखपत्र फिरवत म्हणाली, “काळजी कोण म्हणून करतेयस? डॉक्टर म्हणून?”



एके सकाळी हवा खरंच बिघडली. खिडकीबाहेरची झाडं दिसेनाशी झाली, घशात जळकट चव आली. वर्ग ऑनलाइन गेल्याचा मेल आला आणि पाठोपाठ ताईचा फोन.

“बिघडली! बघितलंस? बिघडली एकदाची!”

फोनवर ती हसत होती आणि खोकत होती. ती हसली की खोकला येई, आणि खोकल्यामुळे आणखी हसू येई.

ते दिवस तिला फार सुखाचे गेले. पलंगावर उशा रचून, पाय पसरून ती शिकवायची. नवरा कॅमेऱ्याच्या बाहेर बसून तिच्या पायांना तेल लावायचा. तेवढ्यात एक प्रकरणही तिनं लिहून संपवलं. मग एका दुपारी वारा सुटला. पाऊस नाही, काही नाही, नुसता वारा. संध्याकाळी आकाश निळंशार झालं. लोक गच्चीवर जाऊन फोटो काढत होते. ताईचा मेसेज आला, “मेलं साफ झालं.”

दुसऱ्या दिवशी ती जिन्यात दोनदा खाली बसली. दुसऱ्यांदा तिच्या वर्गाची प्रतिनिधी मागून येत होती, पानिपतची एक मुलगी. तिनं ताईला हात धरून वर नेलं. शाल बाजूला सरकली होती. मुलीनं पाहिलं.

त्या मुलीनं जे केलं ते कुठल्याही चांगल्या मुलीनं केलं असतं. ती ऑफिसात गेली आणि म्हणाली, हमारी मैम प्रेग्नेंट हैं, क्लास नीचे शिफ्ट कर दीजिए.

वर्ग खाली आला नाही. ताईला बोलावणं मात्र आलं. ती मला बरोबर घेऊन गेली. “तू फक्त बस,” म्हणाली, “बोलू नकोस. तसंही तू बोलत नाहीसच.”

टेबलापलीकडचे सर सज्जन होते. त्यांनी आधी पाणी मागवलं. मग म्हणाले, “आपने छुपाया क्यों? हम तो आपकी हेल्थ के लिए ही कह रहे हैं. कल से लीव पर जाइए.”

“सर, स्टाइपेंड?”

“वो तो लीव में रुक जाता है. रूल है. आप स्टूडेंट हैं ना.”

मी ताईच्या हाताकडे पाहत होते. मला वाटलं, आता ती ओळखपत्र फिरवेल. आता विचारेल. इतके दिवस ज्यासाठी तो प्रश्न जपून ठेवला होता, ती हीच जागा होती. पण तिनं ओळखपत्राला हातही लावला नाही.

“सर, थोड़ी ही क्लास बाकी हैं,” ती म्हणाली. “मैं बैठकर पढ़ा लूँगी. मैं चढ़ जाऊँगी सर, धीरे-धीरे चढ़ जाऊँगी.”

तिच्या तोंडून असा आवाज मी पूर्वी ऐकला नव्हता. सरांनी पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवला आणि संगणकाकडे पाहिलं.

बाहेर पानिपतची मुलगी उभी होती. तिला कळलं होतं. तिचा हुंदका फुटला. ताईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. “रो मत. तूने ठीक किया. और रोने से डेडलाइन आगे नहीं जाएगी, निबंध कल तक चाहिए.” मग तिला आठवलं की निबंध आता ती तपासणार नाही. तिनं माझ्याकडे बोट दाखवलं. “इस दीदी को देना.”

तिचे वर्ग मला मिळाले. मी नको म्हणणार होते. ती रागावली. “तू नाही घेतलेस तर कुणाला तरी देतील, आणि तो पोरांची वाक्यं शोधणार नाही. घे मुकाट्यानं.”

ती दोघं गावी गेली. स्टेशनवर सामानात पुस्तकांचीच पोती जास्त होती. मुलगी झाली, ठणठणीत. रजा वाढवत नेली तेवढ्यात तिच्या स्टायपेंडची वर्षं संपली. रजेतही ती मोजली जातात, हा आणखी एक नियम. शेवटचं प्रकरण लिहायचं राहिलं. आता ती एका इंग्लिश मीडियम शाळेत तासावर शिकवते. तिथं तिनं विद्यापीठातला अनुभव सांगितला, तर त्यांनी अनुभवाचं पत्र मागितलं. आमच्या विद्यापीठाकडून उत्तर गेलं की विद्यार्थ्यांना असं पत्र देता येत नाही.

मी अजून तिसऱ्या मजल्यावरच शिकवते. निबंध मोठ्यानं वाचते. माझा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचत नाही, म्हणून मुलं पुढे सरकून बसतात.

या नोव्हेंबरात एका सकाळी तिचा मेसेज आला. बरेच दिवस काही बोलणं नव्हतं.

“हवा कशी आहे?”

मी खिडकी उघडून फोटो काढला. समोरची इमारत, झाडं, पाण्याची टाकी, काहीच दिसत नव्हतं. नुसतं राखाडी. तसाच पाठवला. खाली लिहिलं, आज वर्ग ऑनलाइन.

तिचं उत्तर लगेच आलं.

“छान. म्हणजे आज कुणाला जिने चढावे लागणार नाहीत.”