मामेसासरे सिगरेट सोडतात

सिगरेट सोडणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण सोडली म्हणून गल्लीभर गोडधोड वाटणारा आणि ते गोड लोकांना पचायच्या आत पुन्हा पेटवणारा माणूस एकच. तो म्हणजे माझ्या बायकोचा मामा. मी मूळचा कराडचा. नोकरीपायी तंजावूरच्या कॉलेजात आलो आणि इथल्याच एका मराठी घरचा जावई झालो. लग्नात या मामांनी मला हाताला धरून कोपऱ्यात नेलं. मला वाटलं, संसाराचा उपदेश करणार. ते म्हणाले, "माप्पिळ्ळै, काडी आहे काय?" माप्पिळ्ळै म्हणजे तमिळमध्ये जावई. त्या दिवसापासून आजतागायत त्यांनी मला माझ्या नावानं हाक मारलेली नाही.

मामा कालव्यांच्या खात्यातून निवृत्त झालेले. आवाज मात्र अजून पलीकडच्या बांधावरच्या माणसाला हाक मारावी असा. मराठी पणजोबांच्या काळातलं, बोलण्याची चाल तमिळ, आणि राग आला की इंग्रजी. सिगरेट सोडायची म्हणजे आधी पंचांगात मुहूर्त बघायचा, मग रव्याची केसरी, म्हणजे आपला शिरा, करवून घ्यायची, मग डबा घेऊन दारोदार, "आजपासून असकं बंद!" असकं म्हणजे सगळं. समोरच्या तमिळ काकू पहिल्या खेपेला गहिवरल्या. दुसऱ्या खेपेला हसल्या. पुढं पुढं तर डबा उघडून नुसतं म्हणायच्या, "या वेळी काजू कमी पडलेत." कोपऱ्यावरच्या टपरीवाल्याला मामांनी बजावून ठेवलं होतं, मी पाया पडलो तरी मला सिगरेट द्यायची नाही. तो बिचारा शब्दाला जागला. मामांनी भर रस्त्यात त्याला इंग्रजीतून झाडलं, "मला शिकवणारा तू कोण?" आणि दुसऱ्या दिवशी त्यालाच घरी पानावर जेवायला बोलावून आग्रह करकरून वाढलं.

या माणसाला पाठीवर थाप लागते. ती थाप देण्याचं काम माझ्याकडे होतं. ऐन तासाला फोन यायचा. "माप्पिळ्ळै, जेवण झालं. ओढली नाही. शाबास म्हणा!" मी वर्गाबाहेर येऊन हळूच म्हणायचो, "शाबास, मामा." लगेच पलीकडून, "हे वाळलेलं शाबास कशाला? पोटातून म्हणा!" मग मी कॉलेजच्या जिन्यात उभा राहून पोटातून शाबास म्हणायचो आणि येणारे-जाणारे विद्यार्थी माझ्याकडे बघत राहायचे. एवढं करून संध्याकाळी भेटलो की मामांच्या शर्टाला तोच वास!

हसण्यावारी नेण्यासारखं ते तोवरच होतं. पुढं मामींना दम्यानं धरलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, घरात धूर असेल तर या घरात राहू नका. मामींनी आदळआपट केली नाही. शांतपणे बॅग भरली आणि कोइमतूरला लेकीकडे निघाल्या. मामा गाडीच्या खिडकीला धरून म्हणत होते, "आजपासून सोडली, बघ." मामी म्हणाल्या, "तुमचं तोंड सांगेल ते ऐकून मी यायची नाही. तुमचा शर्ट सांगेल तेव्हा येईन." त्यानंतर घरात मामा, त्यांचा आवाज आणि त्यांची सिगरेट. दोनदा मुहूर्त झाला, दोनदा मोडला. दार उघडायला येणारा हा माणूस मला दर खेपेला आणखी थोडा खचल्यासारखा वाटायचा.

अशात वडिलांचं गयेचं श्राद्ध करायचं त्यांनी मनावर घेतलं. सामान उचलायला मी. गयेला पिंडदान झालं की आवडीची एखादी भाजी, एखादं फळ कायमचं सोडायचं, अशी रीत. लोकही हुशार असतात. मामांच्या थोरल्या भावानं सफरचंद सोडलं होतं, कारण ते त्यांच्या दातांना झेपत नव्हतं. आमच्या पुढच्या गृहस्थांनी डोळे मिटून भक्तिभावानं कारलं सोडलं. मामांची पाळी आली. ते गरजले, "सिगरेट!" गुरुजींनी मानच हलवली. "वाईट सोडायला गयेला कशाला यायला पाहिजे? ते घरी सोडा. इथं चांगलं, आवडीचं द्यायचं."

मामा गप्प. मामांना गप्प झालेलं मी पहिल्यांदा पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, "कॉफी."

मी चरकलोच. अहो, तंजावूरचा माणूस कॉफी सोडतो? धर्मशाळेत परतल्यावर मी विचारलं तर म्हणाले, "कॉफी पोटात गेली की मागून सिगरेट येतेच. म्हणून पुढचीलाच अडवली."

"आणि चोरून प्यालात तर?"

"सिगरेटचं मी बायकोशी खोटं बोललो, तुमच्याशी बोललो. बापाशी कसा बोलू?"

घरी आल्यावर या खेपेला केसरी झाली नाही. डोकं दुखायचं, लवंगा चघळून जीभ सोलली. मधे एकदा पेटवली, तर कॉफीवाचून नुसता धूर घशाला लागला म्हणून तशीच टाकून दिली. गल्लीत कुणाला काही सांगितलं नाही. फोन तेवढा यायचा. एकदा म्हणाले, "आज शाबास नको. नुसतं बोला काहीतरी." मी परीक्षेचे पेपर, भाजीचे भाव, वाटेल ते बोलत राहिलो. पलीकडे ते ऐकत होते.

शेवटी मामी आल्या. आल्या आल्या दांडीवरचा शर्ट नाकाशी धरला, मग दुसरा, मग तिसरा. बॅग आत नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन पेले कॉफी घेऊन बाहेर आल्या, तेव्हा मामांना गयेचं सांगावं लागलं. मामी भडकल्या! "सिगरेट सोडा म्हटलं होतं मी. कॉफी कुणी मागितली होती? दिवसातून तेवढाच वेळ तुम्ही माझ्यापाशी गप्प बसायचात!"

आता मामी स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच कॉफी पितात, दार लोटून, यांच्यापर्यंत वास जाऊ नये म्हणून. परवा सकाळी मी गेलो तर मामा दारापुढच्या ओट्यावर गरम पाण्याचा पेला घेऊन बसले होते. आत हाक गेली, "बाहेर ये गे! एकटी कशाला पितेस?" मामी आल्या आणि ओट्याच्या पार टोकाला बसल्या. मामा पेला सांभाळत त्यांच्याजवळ सरकले.

"अहो, वास येईल," मामी म्हणाल्या.

"येऊ दे," मामा म्हणाले. "तेवढा तरी येऊ दे."