रंग : सोनेरी

माझ्या आत्याला हट्टी म्हणणाऱ्यांची मला कीव येते. हट्टी माणसं दोन दिवस तोंड फुगवून बसतात आणि तिसऱ्या दिवशी मुकाट्याने जेवायला येतात. आत्या वेळेवर जेवते, हसते, गप्पा मारते, आणि तुम्ही जरा गाफील झालात की तलावाच्या कडेला बेशरमाच्या झुडपाच्या फांद्या कापायला उभं करते. हे मी स्वानुभवाने सांगते आहे.

ती कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात, किड्यांच्या खोलीत काम करते. आलेला किडा औषधाच्या बाटलीत टाकून मारायचा, पाठीतून टाचणी घालायची, पाय नीट पसरायचे आणि पेटीत लावायचा. तीस वर्षं हेच. तिच्याआधी तिथे माझे आजोबा, म्हणजे तिचे वडील होते. ते रानोमाळ फिरून किडे आणायचे आणि प्रत्येकाचं कार्ड लिहायचे : कुठे सापडला, कशावर बसला होता, रंग कोणता, खाली सही. एका पानं खाणाऱ्या भुंगेऱ्याच्या कार्डावर त्यांनी लिहिलं, 'रंग : सोनेरी'. पेटीतला भुंगेरा मात्र वाळक्या पानासारखा तपकिरी. तेव्हाच्या विभागप्रमुखांनी तांबड्या शाईने त्या शब्दावर रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, 'चूक'. मी पाहिला तेव्हा सोन्यासारखा चमकत होता हो, असं आजोबा सांगत राहिले. झालं, विभागाने त्यांचं नाव थापाड्या ठेवलं, ते निवृत्त होईपर्यंत. त्यानंतर त्यांनी एकाही कार्डावर रंग लिहिला नाही. ती जागा कोरी. मला त्या रेघेपेक्षा त्या कोऱ्या जागांचा जास्त राग येतो.

आजोबा गेले. यंदा सगळी जुनी कार्डं कॉम्प्युटरवर चढवायची आणि मग रद्दीत घालायची, असं ठरलं. मुदत दोन महिने. म्हणजे आजोबांची 'चूक' आता कायमची होणार होती.

आत्याने ते कार्ड पुन्हा वाचलं. त्यावर 'बेशरमाच्या पानावर' असं लिहिलं होतं, म्हणून ती कॉलेजमागच्या गटाराकडे गेली. तिथे बेशरम नेहमीच माजलेला. तिसऱ्याच फांदीवर नखाएवढा भुंगेरा बसला होता. कडेने काचेसारखा आरपार, मध्ये लखलखीत सोनं. चिखलात उभी राहून ती रडली, असं तिनेच मला सांगितलं.

आणि मग या बाईने काय करावं? हाताच्या सवयीने तो बाटलीत टाकला, टाचणी मारली, पाय पसरले आणि आताच्या विभागप्रमुख सरांना निरोप दिला. सर दुसऱ्या दिवशी आले. तोवर सोनं उतरून पेटीत आणखी एक तपकिरी भुंगेरा जमा झाला होता. सर माणूस वाईट नाही. वडिलांवर माया असते, मला समजतं, म्हणाले. पण ती रेघ माझ्या गुरुजींनी मारली आहे आणि त्यांची नजर चुकत नसे.

त्या दिवशी ती आमच्याकडे आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. "तीस वर्षं मी मेलेलेच बघत आले गं," ती म्हणाली. "बाबांनी जिवंत बघितला होता."

आता जिवंत दाखवायचा, एवढंच उरलं. पण आम्ही गेलो तोवर नगरपालिकेने बेशरम साफ तोडून ढीग घातला होता. आत्या ढिगाशी बसली आणि एकेक पान उलटत राहिली. दुपारी तिला एका पानाच्या पाठीला कागदी पापुद्र्याची चपटी डबी चिकटलेली दिसली. आत अंडी होती.

ती फांदी आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत बरणीत बसली, कारण ऊन तिथेच यायचं. अंड्यांतून काटेरी अळ्या निघाल्या. या अळ्या आपली कात आणि आपलीच विष्ठा शेपटीच्या काट्यावर गोळा करून छत्रीसारखी पाठीवर धरतात, आणि मुंगी आली की छत्री तिच्या अंगावर फिरवतात. माझ्या आईने ते पाहिलं आणि घर डोक्यावर घेतलं. घाण मिरवणारे पाहुणे माझ्या ओट्यापाशी नकोत, म्हणाली. वन्सं, तुम्हाला पाळायला मांजर नाही का मिळालं, असंही विचारून झालं. आत्याने बरणी वीतभर सरकवली आणि चहा टाकला.

मी एक दिवसाआड पार तलावापर्यंत जाऊन बेशरम आणायचे. अळ्या अकरा होत्या. सहांना छत्री असूनही मुंग्यांनी नेलं, दोन उगाचच मेल्या. तीन पानाला चिकटून कोशात गेल्या आणि आठवड्याने भुंगेरे बाहेर आले. फिकट, मळकट. सोन्याचा पत्ता नाही. माझा धीर सुटला. एवढं जिवाचं रान करून शेवटी यांनी आपल्या तोंडाला पानंच पुसली, मी म्हटलं. तिने बरणीत ताजं पान घातलं. नवव्या दिवशी सकाळी आईनेच हाक मारली. तिघंही सोन्याचे झाले होते.

मुदतीला तीन दिवस होते. आम्ही बरणी घेऊन विभागात गेलो. सरांनी एक भुंगेरा चिमटीत उचलला आणि आमच्या डोळ्यांदेखत त्याचं सोनं विझलं. तांबूस, मग तपकिरी. सर नुसतं 'हं' म्हणाले. मला बरणी जमिनीवर आपटावीशी वाटली.

"घाबरलाय तो," आत्या म्हणाली. "पानावर ठेवा, सर. आणि बसा."

त्या खोलीत सरांना कोणी बसा म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. तिने स्टूल पुढे केलं. सर बसले. भुंगेऱ्याने मिशा बाहेर काढल्या, तो दोन पावलं चालला, पान कुरतडायला लागला, आणि हळूहळू त्याच्या पाठीवर सोनं परत आलं. सरांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं.

मग त्यांनी खणातून जुनं कार्ड काढलं. नवीन कार्ड करू, म्हणाले, त्यावर निरीक्षक म्हणून तुमचं नाव घालू.

"नवं कशाला?" आत्या म्हणाली. "बाबांची सही आहेच खाली. तेवढी रेघ काढा."

रेघ निघण्यासारखी नव्हती. सरांनी आपल्या गुरुजींचा 'चूक' हा शब्द खोडला आणि वर स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'सोनेरी'. शाई वाळेपर्यंत आत्याने कार्ड हातात धरून ठेवलं.

घरी जाऊन झोपेल असं मला वाटलं होतं. तिने पिशवीतून आजोबांचं दुसरं कार्ड काढून माझ्यापुढे ठेवलं. रंगाची जागा कोरी.

"उद्या सकाळी लवकर ये," ती म्हणाली. "आणि बाटली आणू नकोस."