गंगावनाचा फोटो

माणसाच्या अंगात काय दिसतं ते शिकण्याआधी मी केळीच्या अंगात काय दिसतं ते शिकले. साठचं दशक संपत आलं होतं. यावलजवळच्या आमच्या गावातून मी आधी जळगावला, मेहरूणला आत्याकडे राहून मॅट्रिक झाले आणि मग धुळ्यातल्या एका धर्मादाय दवाखान्यात एक्स-रे शिकायला गेले. शिकाऊ लोकांनी माणसांवर हात साफ करायचा नाही, असा तिथला नियम होता. मग गावात कुठेही लग्न, पूजा किंवा दुकानाचं उद्घाटन झालं की आमचे मास्तर दारातले केळीचे खांब मागून आणत. केळीचा खांब म्हणजे मांडी. त्यात भोक पाडून खडू खुपसायचा, ते हाड. खरं हाड आणायची सोय नव्हती. विश्वस्त जैन, आवारात अंड्याचं टरफल सापडलं तरी चौकशी व्हायची.

घरी आमची केळीचीच शेती, पण केळीच्या पोटात एवढी जाळी असते हे मला धुळ्यात कळलं. मला लहानपणापासून उघडून बघायची खोड. केळफुलाच्या एकेक पाकळीखाली काय असतं ते बघत बसायचे आणि भाजीची नासाडी केली म्हणून आईचे धपाटे खायचे. इथे न सोलता आतलं दिसत होतं आणि वर विद्यावेतन मिळत होतं. मी भलतीच खूश होते.

मास्तरांना सगळा दवाखाना नाना म्हणायचा. पन्नाशीचे, कडक इस्त्रीचे, कामात वाकबगार आणि बायकांच्या बाबतीत कमालीचे भिडस्त. बाई छातीच्या फोटोला उभी राहिली की नाना फिल्मच्या पाटीची उंची ठरवून द्यायचे आणि सरळ भिंतीकडे तोंड करायचे. तिकडूनच सांगायचे, ‘हनुवटी वर. छाती पाटीला टेकवा. श्वास घ्या. धरा.’ की बटण. बायका त्यांना दुवा द्यायच्या. खरं तर बायकांना नीट उभं करायला एखादी बाई असावी म्हणूनच मला घेतलं होतं, पण पहिले काही महिने माझी नेमणूक डार्करूममध्ये. लाल दिव्याखाली फिल्म औषधात बुडवायची, हलवायची, धुवायची, वाळत घालायची. मला त्या खोलीचा कधी कंटाळा आला नाही. कोऱ्या फिल्मवर आधी बरगड्या उमटतात, मग हृदय, आणि ते कुणाचं हे आपल्याला ठाऊकही नसतं.

ती आली ते कापूस वेचणीचे दिवस होते. साक्रीकडची, माझ्याच वयाची, हिरवं लुगडं, पाठीवर मनगटाएवढी जाड वेणी. सोबत सासरा. नवरा वेचणीच्या घाईत, आणि वर्षाचं पोरगं सासूपाशी घरी ठेवलेलं. तिला खोकला होता, म्हणून ‘फोटू’ काढायला आणलं होतं. सासऱ्याशी ती बोलत नव्हती; पदर नाकापर्यंत ओढून मला सांगायची आणि मी त्याला सांगायचे. तोही मलाच सांगायचा. दोघं दोन हातांवर बसलेले आणि मी मधे तारवाली.

तिच्या हातात एक जर्मनचा पेला होता, त्याच्या काठाखाली काळा दोरा गुंडाळलेला. मला चौकशा केल्याशिवाय राहवत नाही. विचारलं, तर म्हणाली, “मन्हा न्यारा शे. खोकला लागना तईपासून.” घरातल्या इतर पेल्यांत तो मिसळू नये म्हणून सासूने दोरा बांधला होता.

फोटो नानांनी काढला, मी धुतला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरसाहेबांनी तो काचेच्या पेटीवर लावला आणि म्हणाले, “डाव्या बाजूला वर डाग दिसतोय. थुंकीत काही सापडलं नाही, तरी क्षयाची इंजेक्शनं सुरू करू.” डॉक्टरसाहेब भले माणूस, सावकाश समजावून सांगत होते की हल्ली हा आजार बरा होतो. पण म्हाताऱ्याच्या कानात ‘डाग’ एवढाच शब्द शिरला. सासरे बाहेर व्हरांड्यात येऊन बिडी पेटवून, खोकून खोकून मला म्हणाले, “तिले सांगा, उद्या दुपारनी यष्टीमा तिना बापना गावना फाटावर उतारी देसू. आम्हना घरमा लेकरं शेतस.”

मी काही सांगितलं नाही. तिला ऐकू गेलंच होतं. ती पदराआडून एवढंच म्हणाली, “मन्हं लेकरू बी तठेच शे.”

मला संताप आला. पण संतापाच्या बरोबरीने एक गोष्ट मनात वळवळत होती, तीही सांगते. तो डाग मला पटत नव्हता. मी तोवर शेकडो छात्या धुतल्या होत्या. खरे डाग कापूस पिंजून टाकल्यासारखे, कुठे दाट, कुठे विरळ. हा तसा नव्हता. गळ्याच्या हाडाखालून निघून खाली हृदयाच्या सावलीत शिरणारा, आणि त्याला एक वळण होतं. एक पेड, परत एक पेड. रोगाला इतकी शिस्त कुठली?

नानांना म्हटलं तर ते उखडले. “आपण फोटो काढायचा, वाचायचा नाही. वाचणं त्यांचं काम. उद्या तू ऑपरेशनही करशील.” नियम म्हणून ते बरोबरच होतं. मी तोंड मिटलं, पण डोकं काही मिटेना.

दुपारी खोली रिकामी झाली. मी बाईच्या जागी स्वतः उभं राहून बघायचं ठरवलं. पडद्यामागे जाऊन साडीचा पदर उतरवला, फोटोच्या वेळी बायकांना देतात तो दवाखान्याचा तोकडा अंगरखा चढवला आणि पाटीसमोर आले. मशीन बंद, खोलीत कुणी नाही, दार आतून लावलेलं. तरी पदराशिवाय उभं राहताच माझा हात आपोआप पाठीमागे गेला आणि मी वेणी ओढून छातीवर घेतली.

हे मी ठरवून केलं नव्हतं. मला कुणी शिकवलंही नव्हतं. पण नदीवर, दळणाला, पाहुणे आले म्हणजे पदर सावरायला वेळ नसला तर आमच्याकडच्या सगळ्या पोरी हेच करतात. वेणी डाव्या खांद्यावरून पुढे आली होती. मग तिनेही तेच केलं असणार, आणि नाना तर भिंतीकडे बघत होते! मला इतका आनंद झाला की मी एकटीच मोठ्याने हसले.

पण नुसतं ‘मला वाटतं’ म्हणून नाना ऐकणारे नव्हते. दाखवायला काहीतरी हवं. केळीचा खांब होताच, हवी होती अंगावेगळी वेणी. आणि वेणी कुठे आहे ते मला ठाऊक होतं. आमच्या हेड सिस्टरांचा अंबाडा साऱ्या दवाखान्यात नावाजलेला. त्यातलं अर्धं गंगावन, म्हणजे विकतचे जोडकेस, हे फक्त मला माहीत होतं, कारण त्यांच्या खोलीत खुंटीला लटकलेलं मी पाहिलं होतं. मी जाऊन हळूच मागितलं. त्या लालबुंद झाल्या.

“कुणी सांगितलं तुला?”

“कुणी नाही. एका बाईचं पोरगं तिच्यापासून तुटतंय, सिस्टर.”

सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी पेटी उघडून जास्तीचं गंगावन काढून दिलं. “कुठे बोललीस तर बघ,” म्हणाल्या. मी त्यांच्या हयातीत बोलले नाही.

गंगावन खांबावर टाकलं, फिल्म खाली सरकवली, समोरच्या कापसाच्या जिनिंग कारखान्याची जेवणाची सुट्टी होईपर्यंत थांबले. जिनिंग चालू असलं की आमच्या मशीनला वीज पुरायची नाही. बटण दाबलं, डार्करूममध्ये धावले. केळीची जाळी उमटली, आत खडू उमटला. केसांचा पत्ता नाही.

मग वाटलं, ते कोरडे, सुटे केस. आणि तिची वेणी? गावाकडची घट्ट पेडाची, आठवडाभर तेल मुरलेली. सिस्टरांच्याच खोबरेल तेलाची बाटली आणली, गंगावन न्हाऊ घातलं, हात दुखेपर्यंत पिळून तीन पेडांची वेणी घातली आणि पुन्हा बटण दाबलं. लाल दिव्याखाली फिल्म हलवत होते, तर आधी खडू आला आणि मग त्याच्या बाजूने हळूहळू वर आलं तेच वळण. एक पेड, परत एक पेड.

नानांनी तिच्या छातीची फिल्म आणि माझी वेणीची फिल्म शेजारी धरून बघितल्या. मला वाटलं, आता दोन फिल्म फुकट घालवल्याबद्दल ऐकावं लागणार. ते म्हणाले, “म्हणजे मी तोंड फिरवून उभा राहतो म्हणून हे झालं.” मी म्हटलं, “नाना, तुम्ही चांगुलपणानेच...” त्यांनी हातानेच मला थांबवलं आणि ते स्वतः डॉक्टरसाहेबांकडे गेले.

डॉक्टरसाहेबांनी फार चर्चा केली नाही. सकाळी ओपीडी सुरू होताच परत फोटो काढायला सांगितलं आणि “बाईला हिने उभं करायचं,” म्हणाले. तो माझा पहिला माणसाचा फोटो. पडद्यामागे मी तिची वेणी डोक्यावर गुंडाळली, माझ्या आकड्यांनी पक्की केली. ती म्हणाली, “केसंस्नं काय काम?” मी म्हटलं, मागाहून सांगते. पाटीसमोर नेल्यावर तिचा हात मागे गेला, तिथे काही नव्हतं. मग तिने दोन्ही हात छातीवर घेतले, मी ते सोडवून कमरेवर ठेवले, खांदे पुढे केले. खरोखरच डाग असला तर? वेणी होती म्हणून तिच्या आड खरा डाग नसेलच, असं कुठे होतं?

फिल्म औषधात असताना मी श्वास धरला होता, मला कुणी सांगितलं नव्हतं तरी. डावीकडची बरगडी न् बरगडी स्वच्छ आली.

मी ओलीच फिल्म धरून बाहेर पळाले, नियमबियम सगळा विसरून. डॉक्टरसाहेबांनी बघितली आणि म्हाताऱ्याला म्हणाले, “आबा, सुनेला काही नाही. साधा खोकला आहे, औषध देतो. घरी घेऊन जा.” म्हाताऱ्याने टोपी काढून डोकं खाजवलं आणि मला म्हणाले, “तिले सांगा, चाल घर.”

ती जागची हलली नाही. भिंतीकडे तोंड करून मला म्हणाली, “ताई, त्यास्ले सांगा, आते त्यास्ना बी फोटू काढा. मंग जासू.”

व्हरांड्यातली चार माणसं हसली. म्हातारा चवताळला. “माले काय धाड भरनी?”

“मन्हा खोकला आते आतेना शे,” ती मलाच सांगत होती, पण आवाज चढलेला. “त्यास्ना ते मी लगीन करी उनू तईपासून शे. मन्हं लेकरू त्यास्नाच मांडीवर ऱ्हास.”

मी चमकले. तीन दिवस तो खोकला माझ्या कानावर आदळत होता. डार्करूमचं दार लावून घेतलं तरी ऐकू यायचा. म्हाताऱ्या माणसाचा, बिडी ओढणाऱ्याचा, म्हणून मी तो ऐकलाच नव्हता. नाना, डॉक्टरसाहेब, कुणीच नाही. एवढी उघडून बघायची खोड असलेली मी, पण म्हाताऱ्याला काही कुणी उघडून बघायला आणलं नव्हतं. डॉक्टरसाहेब गंभीर झाले. “या आबा,” म्हणाले आणि स्वतः त्यांचा सदरा काढायला लागले.

त्या फिल्मवर वळण नव्हतं. दोन्ही बाजूंना वर, कापूस पिंजून टाकलेला, आणि उजवीकडे त्यात एक गोल पोकळी. मी ती लाल दिव्याखाली पाहिली आणि मला त्यांची कीव आली. कालपर्यंत ज्यांचा इतका राग आला होता, त्यांची.

बाहेर आले तर ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हटलं, “ओली आहे अजून. डॉक्टर सांगतील.” ती मान हलवून बसली.

डॉक्टरसाहेबांनी सांगितलं. इंजेक्शनं रोज घ्यावी लागतील, तालुक्याला मिळतील, बरे व्हाल, पण घरातल्या लेकरांना सध्या जवळ घेऊ नका. या वेळी म्हाताऱ्याने सगळे शब्द ऐकले. ते व्हरांड्यात येऊन बाकावर बसले तेव्हा एकदम लहान दिसायला लागले. खोकल्याची उबळ आली. ती उठली, रांजणातून आपला पेला भरून आणला आणि त्यांच्यापुढे धरला. दोरा तसाच होता. त्यांनी दोऱ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि पाणी प्यायले.

मग त्यांनी विचारलं. मला नाही, तिला. “माय, येशी ना घर?”

तिने पदर होता तिथेच ठेवला आणि तीन दिवसांत पहिल्यांदा सरळ त्यांना म्हणाली, “हाऊ गिलास आते तुम्हना शे. उठा, यष्टी निंघी जाई.”