हवालदार दिसेना, म्हणून रेघ मागे गेली

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण जुन्या गोष्टी निघाल्या की मला आधी आठवतो तो रस्त्यावरच्या पट्ट्यांचा तपास. तेव्हा मी चाकणच्या कारखान्यांमधल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो.

रस्ते विभागाचा तरुण अभियंता तक्रार अर्ज घेऊन आला. कंपन्यांच्या चौकात कोणीतरी परस्पर झेब्रा पट्ट्या मारल्या होत्या, शिवाय वाहनं थांबायची सरकारी रेघ काळ्या रंगानं पुसून दहा पावलं मागे नेली होती.

"सरकारी मालमत्तेशी छेडछाड आहे. गुन्हा दाखल करा," तो तावातावानं म्हणाला.

मी स्टेशन डायरीला नोंद घेतली, हवालदाराला घेऊन चौकात गेलो, पंचनामा केला. शेजारच्या चहाच्या गाडीवरच्या मावशींना विचारलं.

"गुरुवारी भर दुपारी मारल्या, साहेब. कंपन्यांना सुट्टी व्हती. नारंगी जाकीट घातलेला एकटाच माणूस. आधी सरकारी वाटला. पण सरकारी माणूस एवढं सरळ मारतो व्हय?"

मी वाकून पाहिलं. रंगही रस्त्याचा नव्हता, कारखान्याच्या फरशीवर मारतात तो होता. जवळच्या गावात कंपनीच्या रंगकामातून निवृत्त झालेला एकच माणूस निघाला. निरोप धाडला, तर गृहस्थ इस्त्रीचा शर्ट घालून वेळेआधीच हजर.

"पट्ट्या तुम्ही मारल्या?"

"व्हय, मीच."

माझी चौकशीची सगळी तयारी वाया गेली. "पण का?"

"सरकारी झेब्रा पार वळणावर हाय. बाया बसमधनं उतरून सरळ गेटाकडं जात्यात, थांबल्याल्या ट्रेलरच्या नाकाम्होरनं. मागल्या महिन्यात माझी सून चाकाखाली जाता जाता वाचली. डायवरची चूक न्हाई. त्याला ती दिसलीच न्हाई. तुमी एकदा केबिनमधी बसून बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी जुन्या रेघेच्या जागी एक ट्रेलर उभा करवला. मी आणि अभियंता केबिनमध्ये चढलो. आमचा हवालदार उंचीनं बेताचा, रुंदीनं भरपूर. त्याला पुढं उभं राहायला सांगितलं होतं. काचेतून पाहिलं, तर रस्ता मोकळा.

"हवालदार गेले कुठे?" अभियंत्यानं विचारलं.

खालून आवाज आला, "साहेब, मी हितंच हाय!"

ड्रायव्हरसकट सगळे हसलो. ट्रेलर नव्या रेघेमागे घेतला, तेव्हा हवालदार टोपीपासून बुटापर्यंत दिसला. अभियंता हसायचा थांबला.

"आमची रेघ मोटारींच्या हिशेबानं बरोबर होती, साहेब. पण इथं सगळे ट्रेलरच."

त्यानं तक्रार मागे घेतली. मी रंगाऱ्याला लेखी समज दिली, की पुन्हा परस्पर रस्ता रंगवायचा नाही. अभियंत्यानं पाठवलेल्या प्रस्तावाला महिन्याभरात मंजुरी आली, आणि त्याच जागी सरकारी रंगाच्या पट्ट्या पडल्या.

त्यानंतर निवृत्तीपर्यंत एक सवय लावून घेतली. कुठल्याही रस्त्याची तक्रार आली, की कागद बाजूला ठेवायचा आणि आधी तिथून रोज जाणाऱ्याला विचारायचं. आरोपीनं पोलिसाला शिकवलेला धडा आहे हा, पण सांगायला मला कधी कमीपणा वाटला नाही.