बोटीसाठी बारा पायऱ्या

बाबूजी गेल्याचं कार्ड मला आंबागडला मिळालं. असं कार्ड वाचून झालं की फाडायचं असतं, घरात ठेवायचं नसतं, एवढं मलाही ठाऊक आहे. पण मी ते दोनदा वाचलं, खिशात टाकलं आणि आठवडाभर तसाच शाळेत जात राहिलो. शेवटी बायकोनं सदरा धुवायला काढला तेव्हा ते तिच्या हाती लागलं आणि तिनंच ते फाडलं... कार्डात बाबूजींचा पुतण्या देवराम याच्या दोन ओळी होत्या. ‘बाबूजी शांत झाले. तेरवीले या.’ तेरा दिवस मी कार्डावरच्या तारखेपासून मोजले. माणूस आदल्या दिवशी गेला होता, कार्ड दुसऱ्या दिवशी लिहिलं होतं, हे काही डोक्यात शिरलं नाही. त्यांच्या गावी सानगडीला उतरलो तेव्हा तेरवी कालच होऊन गेली होती. अंगणात मोठी भांडी पालथी वाळत होती, सतरंज्या गुंडाळून ठेवलेल्या होत्या आणि देवराम एकटा ओसरीवर बसला होता. म्हणाला, “मास्तर, तुमी कालच याले पाह्यजे होते ना.” वेळ चुकवणं ही माझी जुनी खोड. आयुष्यात सगळ्यात मोठी वेळ मी याच घरची चुकवली होती, आणि बाबूजींबद्दल लिहायचं तर ती चूक टाळून मला लिहिता येत नाही.

मी सानगडीच्या शाळेत भूगोल शिकवत होतो त्या काळातली, अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशीच्या सुमाराची ही गोष्ट. बाबूजी वरठीहून नुकतेच निवृत्त होऊन गावी आले होते. रेल्वेत ते छोटे स्टेशनमास्तर. तीस वर्षं त्यांनी हिरवी झेंडी दाखवून दुसऱ्यांच्या गाड्या सोडल्या आणि स्वतः वरठीच्या पुढे फारसे गेलेच नाहीत. मूलबाळ नव्हतं. थोडी धानाची शेती होती, ती देवराम पाहायचा. बाबूजींना साखरेचा आजार होता. रोज सकाळी ते स्वतःच्या हातानं मांडीत सुई टोचून घेत आणि औषधाची बाटली ओल्या रेतीत बसवलेल्या मडक्यात ठेवत. यशोदाकाकूंचं हृदय अधू होतं. विहिरीवरून घरापर्यंत आल्या तरी दम लागायचा, संध्याकाळी पाय सुजायचे. दोघांच्या औषधांच्या बाटल्या एकाच फळीवर शेजारी शेजारी असत. काकू म्हणायच्या, “आमच्या लग्नाचे फोटो नाही मास्तर, हे पाहा, हेच लावले फळीवर.”

बोटीची कल्पना काकूंचीच. एका संध्याकाळी मी त्यांच्या ओसरीवर चहा पीत होतो. नोकरीवाल्यांनी म्हातारपणी कुठं कुठं जावं यावर मी व्याख्यान देत होतो. मी स्वतः तेव्हा नागपूरच्या पलीकडे गेलो नव्हतो, हा भाग वेगळा. बाबूजी म्हणाले, आपल्याकडे पास आहे, काशीला जाऊ. काकूंनी सुपातले तांदूळ निवडता निवडता मान वर न करता सांगितलं, “मी नाही येत. तीस वर्स त्या रुळाच्या बाजूनं झोपली मी. धडधड, धडधड. मले आता रूळ नसलेल्या गाडीत बसाचं हाये.” बाबूजी हसले. “अशी कोनती गाडी हाये वो?” काकूंनी माझ्याकडे बोट केलं. “ते मास्तर पोराईले शिकवते ना, समुद्रातली. बोट.” त्या माणसांनी समुद्र पाहिला नव्हता. मीही पाहिला नव्हता, पण फळ्यावर मात्र रोज काढत होतो... निळ्या खडूनं.

मुंबईहून पणजीला बोट जाते, एक दिवसाचा प्रवास, एवढं मला माहीत होतं. मी पत्र लिहून वेळापत्रक मागवलं आणि ते आलंही. त्या दिवशी ते छापील पत्रक घेऊन मी गावात असा फिरलो की जणू बोट माझ्याच मालकीची. मग बाबूजींनी काकूंना भंडाऱ्याच्या डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर म्हणाले, बोटीवर शिडीनं चढावं लागतं, आत चढउतार असते. न थांबता बारा पायऱ्या चढता आल्या तर खुशाल जा, नाही तर नाव काढू नका. बाबूजी घरी आले ते थेट सुताराकडूनच. साजाच्या लाकडाची, कठडा असलेली, बरोबर बारा पायऱ्यांची शिडी त्यांनी करून घेतली आणि गोठ्याच्या माळ्याला, जिथे तणस, म्हणजे धानाचा पेंढा, भरून ठेवतात तिथे टेकवली. प्रत्येक पायरीवर पांढऱ्या रंगानं आकडे घातले, सिग्नलच्या खांबांवर असतात तसे. रोज संध्याकाळी काकू चढत. जिथे दम लागे त्या पायरीच्या कठड्याला बाबूजी आपल्या जुन्या हिरव्या झेंडीचं फडकं बांधत. पहिल्या दिवशी ते चौथ्या पायरीवर होतं. दिवाळीला सातव्या. काकू मीठ सोडून जेवत होत्या, गोळ्या चुकवत नव्हत्या, आणि संक्रांतीच्या आसपास एका संध्याकाळी बाराव्या पायरीवर उभ्या राहून त्यांनी वरून मला हाक मारली, “मास्तर! येऊन राहिली बोट! पाहा!” तणसाच्या माळ्यावरून त्यांना तलाव दिसत होता. खाली बाबूजी फडकं हातात घेऊन उभे होते, आणि ते हातानं डोळे पुसत होते की घाम, हे मी विचारलं नाही.

त्याच वेळी निघायला हवं होतं. पत्रक होतं, पास होता, डॉक्टरांचा होकार होता, काकू बाराव्या पायरीवर होत्या. नसती अक्कल होती ती फक्त माझ्याकडे. मी म्हटलं, आधी तलावात तालीम करू. काकूंना पाण्यावर मळमळतं का ते कळेल. तलावात मासे धरणाऱ्या ओळखीच्या एका ढिवराचा डोंगा ठरवला. माघात तलावाचं पाणी निम्म्यावर आलेलं. दोघांना डोंग्यात बसवून मी सूचना देत होतो, काठ धरा, मध्ये बसा, हलू नका. पाच-पन्नास हात गेलो नाही तोच डोंगा चिखलात रुतला. मी धोतर खोचून शूरपणे ढकलायला उतरलो आणि कमरेपर्यंत गाळात गेलो. मग बाबूजी आणि ढीवर, दोघांनी मिळून मला खेचून काढलं. काकूंना मळमळ झाली नाही, पण हसून हसून दम लागला आणि त्यांना तसंच काठावर बसवून ठेवावं लागलं. ढीवर म्हणाला, “गुरुजी, आता पानी उतरलं, डोंगा फसतेच. पानकायात या, तलाव तुडुंब असते, मंग पाहा कसा सरसर जाते.”

हे वाक्य मी डोक्यात घेऊन घरी आलो. बोट पाण्यावर चालते. पाणी पावसाळ्यात जास्त. तेव्हा बोटीला पावसाळा चांगला... इतकं सरळ होतं सगळं! आमच्याकडे सवडही तेव्हाच असते. रोवणी, म्हणजे धानाची लावणी, आटोपली की कापणीपर्यंत धानाच्या मुलखातला माणूस मोकळा. मी ओसरीवर बसून ठरवून टाकलं, श्रावणात जायचं. काकूंना तेवढे सहा महिने पायऱ्यांचा सराव होईल, देवरामची रोवणी होईल, समुद्रही भरलेला असेल. बाबूजींनी एकदाच विचारलं, “मास्तर, पक्कं ना?” मी म्हटलं, “बाबूजी, वीस वर्षं भूगोल शिकवतोय.” नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचे बाण मी दरवर्षी फळ्यावर काढतो. ते वारे कुठून येतात, कुठे जातात, पोरांना पाठ करायला लावतो. ते वारे वाटेत त्याच समुद्रावरून येतात, हे मात्र मला पोरांनी कधी विचारलं नाही, आणि मी स्वतःला तरी कशाला विचारीन?

श्रावणात आम्ही तिघं निघालो. बर्फाच्या थर्मासमध्ये बाबूजींचं औषध, काकूंच्या गोळ्या, ग्लुकोजची बिस्किटं, लिंबं, गरम कपडे. ही सगळी यादी मी त्या पत्रकाच्या मागच्या बाजूवर लिहिली होती. मुंबईत उतरलो तेव्हा पाऊस असा की समोरचं दिसेना. टॅक्सी करून धक्क्यावर गेलो. धक्का रिकामा. दोर गुंडाळलेले, फाटक बंद, एक म्हातारा पहारेकरी गोणपाट पांघरून बसलेला. मी ऐटीत विचारलं, “पणजीची बोट कधी सुटणार?” त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग काकूंकडे पाहिलं, मग परत माझ्याकडे. “बोट? पावसाळ्यात कसली बोट? मे महिन्यातच बंद झाली. आता गणपती होऊन गेल्यावर या. कुठून आलात?” मी म्हटलं, “भंडाऱ्याहून.” त्यानं गोणपाट डोक्यावर ओढून घेतलं. हसला असता तर बरं झालं असतं. मी पत्रक काढलं. वेळा होत्या, भाडं होतं. उलटलं तर माझी यादी, आणि यादीच्या खाली, ‘थर्मास’ आणि ‘लिंबं’ या माझ्या ठळक अक्षरांच्या आड, बारीक छापलेली एक ओळ. पावसाळ्यात बोटी बंद राहतील. त्या ओळीवर मी लिंबं लिहिली होती.

काकू फाटकाच्या गजांना धरून उभ्या होत्या. पलीकडे समुद्र होता, म्हणजे राखाडी रंगाचं काहीतरी उसळत होतं, पाऊस कुठला आणि पाणी कुठलं ते कळत नव्हतं. त्या बराच वेळ पाहत राहिल्या. मग वळून मला म्हणाल्या, “समुद्रालेही सुट्ट्या असते, हे तुमच्या शाळेत नाही का शिकवत, मास्तर?” आणि हसल्या. मला रडायला आलं. मी छत्री उघडायच्या निमित्तानं तोंड फिरवलं, आणि ती छत्री उलटी झाली. काकू पुन्हा हसल्या. परतीच्या गाडीत त्या रात्रभर बसून होत्या, आडव्या झाल्या की श्वास घुसमटायचा. बाबूजी त्यांची पाठ चोळत होते. रुळांची धडधड चालूच होती.

दसऱ्यानंतर पुन्हा जायचं ठरलं होतं. पण फडकं खाली उतरायला लागलं. भाद्रपदात ते नवव्या पायरीवर होतं, दसऱ्याला सहाव्या. काकू रोज म्हणायच्या, “आज पाय जड हाये, उद्या चढते.” मी समोर बसून ‘थंडीत बरं वाटेल’ असं काहीबाही बोलत असे आणि शिडीकडे पाहायचं टाळत असे. कापणीच्या दिवसांत एकदा त्या दुसऱ्या पायरीवर थांबल्या आणि तिथेच बसल्या. बाबूजींनी तिथे फडकं बांधलं. त्यानंतर त्या शिडीकडे गेल्या नाहीत. धानाची मळणी चालू होती त्या आठवड्यात काकू गेल्या... दुपारी, बसल्या बसल्या.

मी महिनाभर त्या घरी गेलो नाही. शेवटी बाबूजीच माझ्याकडे आले. मी जे काही बोलायचं ठरवलं होतं त्यातलं एकही वाक्य धड आलं नाही. ‘संक्रांतीला गेलो असतो तर’ एवढंच म्हणालो आणि अडकलो. बाबूजींनी ऐकून घेतलं. मग, स्टेशनवर अपघाताची चौकशी झाल्यावर जबाब लिहून देतात तशा आवाजात म्हणाले, “सिग्नल तुमी देला, मास्तर. पन गाडी मी सोडली. तीस वर्स टाइमटेबल वाचलं मी, अन् तो कागद उलटून नाही पाह्यला. अर्धी तुमची, अर्धी माझी.” त्यानंतर या विषयावर ते कधी बोलले नाहीत. मी त्यांना एकदा म्हटलं होतं, एकट्यानं का होईना, जाऊन या. ते म्हणाले, “मले काय समुद्राचं? मले रूळ चालते.” आमच्या घरी आले त्या दिवशी बाबूजी माझी अर्धी चूक माझ्याकडे ठेवून गेले आणि खरं सांगतो, अर्धी होती म्हणूनच इतकी वर्षं उचलता आली.

परवा तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मी गोठ्याकडे गेलो. शिडी तिथेच होती. दुसऱ्या पायरीच्या कठड्याला फडकं होतं. हिरवा रंग जाऊन ते पांढरंफटक झालं होतं, पण गाठ बाबूजींचीच, मला ओळखू आली. देवराम मागून म्हणाला, “बाबूजी रोज संध्याकाळी चढे. पायाले जखम झाली होती, साखरेची, तरी चढे. पन त्या दोन नंबरावर पाय नाही ठेवला कधी. एकावरून सरळ तीनावर. आमी मने, बाबूजी, पडसान. तं मने, तिथं कोनी बसलं हाये.”

मी चढायला लागलो. सवयीनं पहिल्या पायरीवरून दुसरीवर पाय टाकलाच, एवढं ऐकूनही. देवरामनं शिडी धरून ठेवली. मी पाय उचलला, खाली उतरलो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. एकावरून तीनावर जाताना गुडघा वाजला. सातव्या पायरीवर मला दम लागला, नववीवर थांबलो, आणि बारावीवर पोचलो तेव्हा कठडा दोन्ही हातांनी धरून उभा राहिलो. तणसाच्या वर, खांबावर तेल लागून काळी झालेली एक जागा होती, बाबूजी डोकं टेकत असतील तिथली. समोर तलाव तुडुंब भरला होता. रोवणी आटोपली होती, धानाच्या बांध्यांत माणूस नव्हता. एक डोंगा सरसर चालला होता, कुठेही न अडकता.

या दिवसांत समुद्र बंद असतो. आता मला पाठ आहे.