तिसरी शिट्टी

मी दर गुरुवारी दत्ताच्या देवळात जातो, हे वाडीतल्या आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. तिथे मी काय मागत होतो, हे मात्र कोणालाच माहीत नाही, बायकोलाही नाही. आज लिहून टाकतो.

माझी धाकटी बहीण बेबी एक्केचाळीस वर्षांची आहे. तिला बौद्धिक अक्षमता आहे, हे मी आता म्हणतो. आमच्या घरात त्यासाठी दुसरे शब्द होते आणि त्यातले बरेच माझे होते. तिला राग आला की ताट भिरकावायची, स्वतःचं मनगट चावायची. राग येणार हे आईला आधीच कळायचं. ती हातातलं काम टाकून उठायची आणि बेबीला अंगणात घेऊन बसायची. आई गेली आणि माझ्याकडे एकच उपाय उरला. बेबीला मागच्या खोलीत ढकलायचं आणि बाहेरून कडी लावायची. पाहुणे यायचे असले तर राग येण्याची वाटही मी पाहत नसे. तिच्याच सुरक्षिततेसाठी, असं मी सगळ्यांना सांगायचो.

एका गुरुवारी माझ्या शर्टाच्या खिशात दूरच्या निवासी संस्थेचा फॉर्म होता. माझी सही झालेली होती, फक्त पोस्टात टाकायचा राहिला होता. बेबीला आरतीच्या घंटा सहन होत नाहीत, म्हणून नेहमीप्रमाणे तिला चपलांपाशी बसवून मी आत गेलो. हात जोडले आणि म्हणालो, देवा, हिला ने. नाही तर मला तरी सोडव. शब्द हेच होते. पहिल्यांदा म्हणत होतो असंही नाही.

बाहेर आलो तर बेबीच्या चपला जागेवर, बेबी नाही. पुढचं सोडून देण्याचा फार मोह होतोय, पण लिहितो. माझ्या मनात पहिल्यांदा भीती आली नाही. सुटलो, असं आलं. एका श्वासापुरतं. मग मी देवळाभोवती धावत सुटलो.

ती देवळामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये होती. महाप्रसादाचा स्वयंपाक तिथे होतो. उपड्या डब्यावर बसून ती डाळीच्या मोठ्या कूकरकडे एकटक बघत होती, अगदी शांत. शेजारी साठीची एक बाई कोथिंबीर निवडत होती. काटोलची, इथे भाच्याकडे राहायला आलेली. सगळे तिला मावशी म्हणत. आभार मानायचं सोडून मी विचारलं, "काय खायला दिलं हिला?"

"काई नाही दिलं गा भाऊ. घंटेनं घाबरली होती, बसली माह्यापाशी." मग कोथिंबिरीवरून नजर न उचलता म्हणाली, "दुपारी सोडत जा तिले तासभर. मले सोबत होते."

माझा विश्वास बसला नाही. दुसऱ्याची अशी बहीण कोण आपणहून सांभाळतं? हिला फुकटची कामवाली हवी असेल, किंवा बेबीच्या कानातल्या आईच्या सोन्याच्या बाळ्यांवर डोळा असेल. मी बेबीला सोडायला लागलो, कारण मला तो तास हवा होता. पण निघताना रोज तिच्या कानातल्या बाळ्या काढून घ्यायचो. बायको म्हणाली, "दत्त जरी दारात उभा राहिला ना, तरी तुम्ही आधी आधार कार्ड मागाल त्याले."

तीनेक आठवड्यांनी बेबीचं काहीतरी वेगळंच सुरू झालं. बसल्या बसल्या पोटावर तळहात ठेवायची. म्हणायची, "शिट्टी झाली." कधी म्हणायची, "दोन झाल्या, जाते मी," आणि दार उघडून सरळ बाहेर. आमचं घर अमरावती रोडच्या आतल्या गल्लीत. तोंडाशीच ट्रक उभे असतात, गोडाऊन उघडायची वाट पाहत ड्रायव्हर, क्लीनर बसलेले असतात. मी स्वतः गोडाऊनवर सुपरवायझर आहे, बायाबापड्यांना पाहून मारलेली ती शिट्टी मला माहीत आहे. मी मागोमाग गेलो तर बेबी पायरीवर एकटीच बसलेली. आसपास कोणी नाही. म्हणजे शिट्टी मारणारा पळाला, असं मी धरलं.

"कोन मारते वं शिट्टी तुले?" मी विचारलं.

"माहीच आहे," ती म्हणाली, "पोटात."

पोटात! पुढे काही विचारायची मला हिंमत झाली नाही आणि न विचारताच मी सगळं ठरवून टाकलं. कोणीतरी हिला फसवलंय, त्या मावशीला ते ठाऊक आहे, आता गावभर बोभाटा होणार. दुसऱ्या दिवशी दुपारी बेबी पुन्हा उठली तशी मी तिला दंडाला धरून मागच्या खोलीत नेलं आणि कडी लावली.

आतून आवाज आला, "दादा, दोन झाल्या. कडी काढ." ओरडणं नव्हतं, ती सांगत होती. मी दाराला पाठ लावून उभा राहिलो. थोड्या वेळानं, "दादा, तीन! तीन झाल्या ना!" आणि मग दारावर डोकं आपटल्याचा आवाज. बायकोनं धावत येऊन मला बाजूला सारलं, कडी काढली. कपाळावर दोन टाके पडले.

पुढच्या गुरुवारी, पट्टी बांधलेल्या बेबीला घेऊन मी आरतीच्या आधीच शेडवर गेलो. आवाज चढवूनच बोललो, "कोनाच्या शिट्टीवर जाते ही बाहेर? सांगा आता!"

मावशीनं तोंड उघडायच्या आत शेगडीवरच्या कूकरची जोरदार शिट्टी झाली. बेबीनं माझा शर्ट ओढला आणि समजावल्यासारखं म्हणाली, "हे डाळीची आहे, दादा. माही नाही."

मावशी आधी हसली. मग कपाळाची पट्टी पाहून तिचं हसू गेलं. "माही पोरगी अशीच होती," ती म्हणाली. "आता नाही राहिली ते. तिच्यासाठी एका मॅडमजवळ शिकली होती मी. राग येते तं आधी पोट गरम होते. ते पयली शिट्टी. मंग मुठी वळते, ते दुसरी. दुसरीले उठाचं अन् बाहेर जाऊन बसाचं. तिसरीची वाट नाही पाहाची. बेबीनं घरी सांगतलं नाही का तुमाले?"

सांगितलं होतं. आकड्यासकट सांगितलं होतं. एवढ्या वर्षांत ती पहिल्यांदाच आपला राग येण्याआधी सांगायला शिकली होती आणि मी बाहेरून कडी लावली होती.

"मग मला आधी का नाही सांगितलं?" मी म्हणालो. माणूस तेव्हाही दुसऱ्यावरच ढकलायला बघतो.

"तुमी इचारलं कवा? तुमी तं पोरीच्या कानातलं काढून पाठवत होते," मावशी म्हणाली आणि गॅस बारीक केला.

त्याच संध्याकाळी फॉर्म फाडला, असं लिहायला आवडलं असतं. फाडला तो चार महिन्यांनी. खोलीची कडी मात्र त्या दिवशी काढली. स्क्रूची भोकं दारावर अजून दिसतात. तिसरी शिट्टी अजूनही होते कधीकधी, ताट अजूनही उडतं. पण बेबीनं "दोन" म्हटलं की आता घरातलं कोणीतरी बाजूला होऊन दार मोकळं करतं, आणि बहुतेक वेळा तेवढं पुरतं. ती पायरीवर बसते, जरा वेळानं आपणच आत येते. मावशी पुढे काटोलला परत गेली. जाण्याआधी मी तिची क्षमा मागायला हवी होती. बेबीच्या कानात बाळ्या घालून तिला निरोपाला नेलं, तेवढंच जमलं.

मावशीला देवानं पाठवलं का? माझा संशयी स्वभाव अजून गेलेला नाही. ज्यानं बहिणीचं मरण मागितलं त्याला कोणी मदत पाठवावी, यावर माझा पटकन विश्वास बसत नाही. गेल्या आठवड्यात मी फोनवर एका ड्रायव्हरवर ओरडत होतो. बेबी आली, माझ्या पोटावर तळहात ठेवला आणि म्हणाली, "दादा, तुह्या दोन झाल्या. चाल." हाताला धरून तिनं मला पायरीवर नेऊन बसवलं. मी फोन बंद केला. ती नेईल तिथे जायचं, एवढंच त्या वेळी मला करायचं होतं. आयुष्यात तेवढं साधं मी कधी केलं नव्हतं.

आता गुरुवारी आम्ही दोघं देवळात आत जातो आणि घंटा सुरू व्हायच्या आधी बाहेर येतो. मी काही मागत नाही. देवा, तेव्हा माझं ऐकलं नाहीस, एवढंच म्हणतो आणि बेबीचा हात धरतो.